जिन्यातलं त्स्वाय-त्स्वाय

१

रविवारी सकाळी जर्मनीतल्या गेर्लिंगेनमध्ये कुणी कुणाची बेल वाजवत नाही. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, वॉशिंग मशीन लावायचं नाही, पोराला रागवायचं तर तेही हळू आवाजात, असा त्या गावाचा शिरस्ता. म्हणून चहाचं आधण ठेवता ठेवता बेल वाजली आणि दारात घरमालकीण फ्राऊ हेबर्ले गाऊनवर स्वेटर चढवून उभ्या दिसल्या, तेव्हा सुलेखाबाईंनी आधी शेगडी बंद केली. मिरजेच्या कन्याशाळेत पर्यवेक्षिका म्हणून त्यांची सगळी हयात गेली होती. कुठली मुलगी उगाच दारात उभी आहे आणि कुठली काहीतरी घडलंय म्हणून, हे त्यांना पायांच्या ठेवणीवरून कळायचं. या पायांनी काहीतरी घडलं होतं.

हेबर्लेबाई अठ्ठ्याहत्तरच्या. तिकडच्या श्वाबी बोलीत त्या भडाभडा बोलू लागल्या. सुलेखाबाईंचं जर्मन 'या' आणि 'गेनाऊ', म्हणजे 'हो' आणि 'अगदी बरोबर', इथे संपायचं. त्यांनी दोन्ही वापरून पाहिले, पण हेबर्लेबाई आणखीच चिडल्या. तेवढ्यात सून कादंबरी केस बांधत बाहेर आली आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला.

"अहो आई, त्यांचं सूपचं भांडं नाहीसं झालंय. कालचं, पांढरं, सोनेरी रेघेचं."

"नाहीसं झालं म्हणजे गेलं कुठे?"

"चोरीला गेलं म्हणतायत." कादंबरी जरा थांबली. "आणि तनयने नेलं म्हणतायत."

तनय म्हणजे माळ्यावरच्या खोलीतला पोरगा, मूळचा नाशिकचा. स्टुटगार्टच्या विद्यापीठात पीएचडी करत होता आणि त्याचा प्रबंध आता शेवटच्या प्रकरणावर आला होता. त्या भागात परवडणारी खोली मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. सुलेखाबाईंच्या मुलाने, चारुदत्तने, 'आमच्या घरचाच समजा' अशी हमी देऊन त्याला ती मिळवून दिली होती. आता हेबर्लेबाई सांगत होत्या की बुधवारी संध्याकाळपर्यंत भांडं परत आलं नाही तर गुरुवारी त्या मुलाने सामान उचलायचं.

कायद्याने असं एका आठवड्यात कुणाला काढता येत नाही, असं चारुदत्तने आतून पुटपुटून पाहिलं. पण तनयला हे कळल्यावर तो जे म्हणाला त्यापुढे कायदा लंगडा पडला.

"काकू, कायदा असू दे. ज्या घरात मला चोर म्हणतात तिथे मी एक दिवस राहणार नाही. प्रबंध गेला खड्ड्यात."

सुलेखाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. कॉपी करणाऱ्या पोरी त्यांनी शेकड्याने पकडल्या होत्या आणि न केलेल्या कॉपीबद्दल रडणाऱ्याही पाहिल्या होत्या. हा दुसऱ्या जातीचा होता. "सामान बांधू नकोस," त्या म्हणाल्या. "बुधवारपर्यंत मी बघते."

२

आदल्या संध्याकाळी त्या घरात जे जेवण झालं तसं गेर्लिंगेनने पूर्वी पाहिलं नसावं. साल २००७, फेब्रुवारी. चिनी नववर्षाची ती आदली रात्र होती आणि दुसऱ्या मजल्यावरच्या युलानने अख्ख्या घराला जेवायला बोलावलं होतं.

युलान इंजिनिअर होती. नवरा शांघायला, हिला सातवा महिना. बाळंतपणासाठी तिची आई चीनहून आली होती. तिला सगळे चेन आयी म्हणत. चिनीत मावशीला आयी म्हणतात, असं तनयने सांगितलं तेव्हा सुलेखाबाई खूश झाल्या होत्या. आपल्याकडे माय मरो मावशी जगो म्हणतात, या लोकांनी ते एका शब्दात उरकलं.

ह्या दोघींची मैत्री हा त्या घरातला एक चमत्कार होता. एकीला चिनीशिवाय काही येत नव्हतं, दुसरीला मराठी आणि शाळेपुरतं इंग्रजी. तरी रोज दुपारी दोघी आयींच्या स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायच्या. सुलेखाबाई सुनेबद्दल सांगायच्या, आयी बहुधा जावयाबद्दल, आणि दोघींना एकमेकींचं सगळं पटायचं.

त्या संध्याकाळी आयींनी शेकड्याने च्याओत्झ केले. सारण भरून, कडा दुमडून, वाफवून. कादंबरीने मटारच्या करंज्या तळल्या. हेबर्लेबाई खालून आपल्या आईकडून आलेल्या सूपच्या भांड्यात माउलटाशन घेऊन आल्या, म्हणजे तीच करंजी, फक्त चौकोनी आणि सारात पोहणारी. तिन्ही एका टेबलावर ठेवून सगळे खूप हसले. हेबर्लेबाईंनी त्या भांड्याची गोष्ट सांगितली. त्यांचा नवरा दर शनिवारी त्यातूनच सूप घ्यायचा. तो गेल्यापासून भांडं कपाटात होतं, आज पहिल्यांदा बाहेर काढलं.

जेवणानंतर हेबर्लेबाई लवकर खाली झोपायला गेल्या. भांडं घासून झाल्यावर तनयने ते खाली नेलं. दार वाजवून म्हातारीला उठवायला नको, म्हणून तळमजल्यावर मुख्य दाराच्या मागच्या बाजूला जे छोटं टेबल असे, त्यावर ठेवून तो वर आला. हे त्याचं म्हणणं. पाहणारं कुणी नव्हतं.

आता सुलेखाबाई त्या टेबलापाशी उभ्या होत्या. टेबल रिकामं होतं. जिन्यात आदल्या रात्रीच्या सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आणि लाल कागदाचे कपटे तसेच पडले होते. त्यांनी मुख्य दार नेहमीसारखं उघडलं. टेबल आणि दार यांच्यात हातभर जागा राहिली. मग त्यांनी दार पार मागे भिंतीपर्यंत लोटलं, तसं ते टेबलाच्या कडेवर आपटलं आणि टेबल हललं. कडेवर रंगाचा एक ताजा टवका उडालेला होता.

त्या खाली वाकल्या. गुडघ्यांनी तक्रार केली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. पायपुसण्याच्या काथ्यात बोट फिरवता फिरवता काहीतरी टोचलं. बोटावर नखाएवढी पांढरी चीप होती आणि तिच्या कडेला सोनेरी रेघ.

भांडं चोरीला गेलेलं नव्हतं. फुटलं होतं. मग बाकीचे तुकडे कुठे गेले?

३

"म्हणजे माझ्यावरच येणार," तनय म्हणाला. "मीच फोडलं आणि तुकडे लपवले, असं म्हणतील."

"म्हणतील तर खरंच. म्हणून ही चीप अजून कुणाला दाखवायची नाही. तुझ्याकडे काल मुक्कामाला कोण होतं?"

"उत्कर्ष. हेर्त्सोगेनआउराखला असतो, पहाटेच्या गाडीने गेला. काकू, त्याच्याकडे मोठी बॅग होती. हेबर्लेबाईंनी खिडकीतून त्याला बॅग घेऊन जाताना पाहिलं, हेच तर सगळं झालंय."

उत्कर्षला फोन लावला. तो बिचारा रविवारची झोप काढत होता. बॅगेत काय होतं, यावर म्हणाला, धुवायचे कपडे आणि कादंबरीवहिनींच्या करंज्या. टेबलाबद्दल विचारल्यावर मात्र तो जरा जागा झाला.

"टेबलावर काही नव्हतं. पण काकू, खालचं मोठं दार सताड उघडं होतं. पार भिंतीला टेकवलेलं. बाहेर मरणाची थंडी. मला वाटलं पेपरवाला विसरला. मी लावून घेतलं आणि गेलो."

सुलेखाबाईंनी फोन ठेवला आणि कादंबरीला घेऊन हेबर्लेबाईंकडे गेल्या. तिथे त्यांनी शाळेतली जुनी युक्ती वापरली. आरोपाबद्दल काहीच विचारायचं नाही, फक्त 'काय ऐकलंस' विचारायचं.

हेबर्लेबाई रात्री कानातलं यंत्र काढून झोपत. तरी अंधुक उजाडताना त्यांना धप्प असं काहीतरी जाणवलं होतं. आणि मग जिन्यात कुणाचा तरी आवाज, हळू पण स्पष्ट.

"काय म्हणाला तो आवाज?"

हेबर्लेबाईंनी दोन बोटं वर केली. अंगठा आणि तर्जनी, जर्मन लोक दोन दाखवतात तशी. "त्स्वाय, त्स्वाय."

"दोन, दोन," कादंबरीने सांगितलं. "त्या म्हणतायत की चोर दोन होते. तनय आणि त्याचा मित्र. एकमेकांना सांगत होते, आपण दोघं, किंवा दोघांनी उचलू या, असं काहीतरी."

"आवाज बाईचा की पुरुषाचा?"

यावर हेबर्लेबाईंनी खांदे उडवले. यंत्राशिवाय त्यांना ते सांगता येत नव्हतं. बाहेर आल्यावर सुलेखाबाई सुनेला म्हणाल्या, "कादंबरी, दोन मराठी मुलं पहाटे चोरी करताना आपसात जर्मनमध्ये मोजतील का गं?"

कादंबरी जिन्यातच थांबली. "नाही हो. मराठीत कुजबुजतील."

"मग जर्मन बोललं कोण?"

४

सोमवारी सुलेखाबाई नेहमीसारख्या आयींकडे गेल्या. आयी घरातच होत्या, कदाचित त्यांनी काही ऐकलं असेल. शब्द नव्हते, म्हणून त्यांनी हवेत दोन्ही हातांनी गोल भांडं काढलं, काल्पनिक झाकण उचललं, सूप प्याल्या, आणि मग तळवे उताणे केले. कुठे गेलं?

आयींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी चटकन दाराकडे पाहिलं. आतल्या खोलीत त्या दिवशी सुट्टी घेतलेली युलान झोपली होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मग दुसऱ्या हाताची पाच बोटं दाखवली. परत एकदा पाच.

पाच काय? पाच माणसं, पाच वाजता? तिसऱ्यांदा विचारायला गेल्या तर आयींनी त्यांच्या हातात एक संत्रं ठेवलं आणि त्यांना हळूच दाराकडे वळवलं. मैत्रीत आजवर कधी झालं नव्हतं ते. सुलेखाबाईंना वाईट वाटलं आणि त्यांनी ते वाटू दिलं.

बाहेर येऊन पाहतात तर जिना तसाच. टरफलं तिथेच, कपटे तिथेच. त्या मुलखात प्रत्येक बिऱ्हाडाला जिना झाडायची पाळी येते, तिला केरवोखे म्हणतात. जर्मन भाषेने आपला केर कुठून उचलला हे देव जाणे, पण सुलेखाबाईंना तो शब्द पहिल्या दिवसापासून आवडला होता. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. या आठवड्यात ती युलानच्या दारावर होती. आणि चेन आयींसारखी टापटीप बाई, जी एरवी पाटी नसतानाही पायऱ्या पुसायची, तिने जेवणानंतर जिन्याला हात लावला नव्हता.

हेबर्लेबाई खाली येरझाऱ्या घालत होत्या. आधीच भांडं गेलं, त्यात जिना घाण. दुष्काळात तेरावा महिना. आपल्या मैत्रिणीला बोलणी बसू नयेत म्हणून सुलेखाबाईंनी पदर खोचला, घरातला झाडू आणला आणि वरच्या पायरीपासून सुरुवात केली.

दुसऱ्या पायरीवर होत्या, तोच मागून कुणीतरी झाडू धरला. चेन आयी होत्या. त्यांनी झाडू हातातून काढून घेतला, छातीशी धरला, मान हलवत हलवत मागे गेल्या आणि दार लावून घेतलं. झाडू आतच राहिला.

सुलेखाबाई पायरीवर बसल्या. भांड्याबद्दल विचारलं तर बाई घाबरते, केर काढला तर झाडू हिसकावते. जिन्यात असं काय आहे जे हिला जाऊ द्यायचं नाही?

५

मंगळवारी उत्तर मिळालं, तेही हसत हसत. युलान ऑफिसातून आली, जिन्यात सुलेखाबाई दिसल्या, तर पोटावर हात ठेवून ती इंग्रजीत म्हणाली, "आंटी, तुमचा झाडू माझ्याकडे आहे. सॉरी. आई ऐकतच नाही."

"पण का गं?"

"जुन्या समजुती. नववर्षाचे पहिले दिवस घरातून केर बाहेर काढायचा नाही. केराबरोबर भाग्य निघून जातं. कचऱ्याची पिशवीसुद्धा बाहेर जायची नाही. तिने आमचा झाडूही कपाटात घालून ठेवलाय. फ्राऊ हेबर्लेंना मी सांगितलं, गुरुवारी सगळं झाडते. पाचव्या दिवशी सुटका." ती हसली. "तुम्हाला वेडेपणा वाटत असेल."

"मुळीच नाही," सुलेखाबाई म्हणाल्या. त्यांच्या घरात दिवेलागणीनंतर आजही केर काढत नसत. लक्ष्मी जाते. त्यांच्या सासूबाई तर केरसुणीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायच्या. आपल्याकडे रोज एक तिन्हीसांज, या लोकांकडे सलग पाच दिवसांची, एवढाच फरक.

युलान दोन पायऱ्या चढली आणि धापा टाकत थांबली. "आणि वाईट शब्द बोलायचे नाहीत. मेलं, फुटलं, संपलं, काही नाही. पहिल्या दिवशी पहाटे उठून तिला घराचं दार उघडायचं असतं, नवं वर्ष आत घ्यायला. आमच्या गावी तर फटाके लावतात. इथे काय करणार. घरातून कचरा जाऊ द्यायचा नाही आणि वर्ष मात्र येऊ द्यायचं."

ती वर गेली. सुलेखाबाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. पाच बोटं. पाचवा दिवस. सताड उघडलेलं दार. जे बाहेर टाकायचं नाही ते मग आतच असणार. आणि जे झालं ते बोलायचं नाही.

फक्त एक गाठ सुटत नव्हती. त्स्वाय, त्स्वाय. चेन आयींना जर्मनमधला एक आकडाही येत नव्हता.

त्या घरी आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "कादंबरी, मोहरीचा एखादा रिकामा पेला आहे का, जुना?" तिकडे मोहरीची चटणी काचेच्या पेल्यात मिळते आणि चटणी संपली की घरोघरी त्याच पेल्यातून पाणी पितात.

"आहे की. कशाला हवा?"

"फोडायला," सुलेखाबाई म्हणाल्या.

६

बुधवारी दुपारी त्या पेल्यात संत्र्याचा रस घेऊन आयींकडे गेल्या. परवाच्या झाडूबद्दल आयींना अपराधी वाटत असावं, कारण त्यांनी सुलेखाबाईंचे दोन्ही हात धरून बसवलं. रस पिऊन झाला. सुलेखाबाईंनी मनात देवाची माफी मागितली, या बाईचीही मागितली, आणि पेला टेबलाच्या कडेवरून सोडून दिला.

खळ्ळ.

आयी एका क्षणात, श्वासही न घेता, म्हणाल्या, "स्वे स्वे फिंग-आन."

स्वे, स्वे. कानातलं यंत्र काढलेल्या जर्मन म्हातारीला याचं काय ऐकू येणार, तर त्स्वाय, त्स्वाय.

आयींनी झाडू घेतला नाही. खाली बसून एकेक काच हाताने वेचली, लाल कागदात गुंडाळली आणि कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आत झाडूच्या शेजारी लाल कागदाचं एक मोठं गाठोडं होतं, कलिंगडाएवढं. नवं गाठोडं त्यांनी त्याच्याजवळ ठेवलं. सुलेखाबाईंनी मान खिडकीकडे वळवली. पाहायचं होतं ते पाहून झालं होतं.

घरी येऊन त्यांनी कादंबरीला समोर बसवलं. "युलानला फोन कर आणि एवढंच विचार की स्वे स्वे फिंग-आन म्हणजे काय. कुणी म्हटलं ते सांगू नकोस."

कादंबरी फोनवर ऐकत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "स्वे म्हणजे फुटणं. आणि स्वे म्हणजेच वर्ष. उच्चार एकच. सणासुदीला काही फुटलं की लगेच तसं म्हणायचं, म्हणजे फुटलं याचा अर्थ बदलून वर्षानुवर्षं शांती असा होतो."

"आपली बांगडी फुटते का गं कधी?"

"नाही हो, वाढते." कादंबरीने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई."

"तेच. बांगडी वाढवली, दिवा मालवला, घरातून निघताना जाते नाही, येते. ही बाई पहाटे नवं वर्ष घरात घ्यायला खाली गेली. आपण दार अर्धं उघडतो, तिने मनापासून उघडलं, सताड. दाराआड टेबल आहे आणि टेबलावर भांडं आहे हे तिला अंधारात काय दिसणार. धडकलं आणि पडलं. तिने लगेच शब्द बदलला, हेबर्लेबाईंनी तेवढाच ऐकला. तुकडे हाताने वेचले, कारण झाडायचं नव्हतं. एक चीप काथ्यात राहिली. दार उघडंच ठेवलं, कारण वर्ष यायचं होतं. मग उत्कर्ष आला आणि त्याने वर्षाच्या तोंडावर दार लावलं."

"पण मग सांगितलं का नाही? निदान मुलीला?"

"मुलगी सात महिन्यांची गरोदर. वर्षाच्या पहिल्या क्षणाला आईच्या हातून दुसऱ्याच्या आईचं भांडं गेलं. तू सांगितलं असतंस पोटुशी बाईला? मला तिने पाच बोटं दाखवली, उद्यापर्यंत थांब म्हणून. मीच मठ्ठ. आणि तनयवर आळ आलाय हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. लेक सणात वाईट काही बोलत नाही, आणि बाकी तिच्याशी बोलतं कोण, मी सोडून?"

कादंबरी उठली. "मग चला खाली. अजून संध्याकाळ व्हायचीय. हेबर्लेबाईंना सांगून टाकू, तनय सुटला."

सुलेखाबाई उठल्या नाहीत. तिथेच तर सगळं अडलं होतं. आज सांगावं तर हेबर्लेबाई वर जाणार, युलानला विचारणार, आणि चार दिवस जीव मुठीत धरून जपलेला तो शब्द गरोदर लेकीसमोर फुटणार. न सांगावं तर पोरगा उद्या रस्त्यावर. दोन्ही पोरं दुसऱ्यांची, आणि दोन्ही आपलीच.

"चल," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मी सांगेन तेवढंच बोल."

हेबर्लेबाई दारातच उभ्या राहिल्या. सुलेखाबाई मराठीत बोलल्या आणि सावकाश बोलल्या. "तनय चोर नाही. भांड्याचं काय झालं ते मला कळलंय. उद्या दुपारपर्यंत तुम्हालाही कळेल, मी आज सांगणार नाही. उद्या नाही कळलं, तर तनयच्या आधी आम्ही हे घर सोडू."

कादंबरीने वळून पाहिलं. "आई, हे भाषांतर करू? सहा वर्षं राहतोय आम्ही इथे. तुमच्या मुलाला विचारायला नको?"

"नको, कर."

कादंबरीने केलं. हेबर्लेबाईंनी सुलेखाबाईंकडे बराच वेळ पाहिलं. मग 'मॉर्गन' एवढा एकच शब्द बोलून त्यांनी दार लावलं. मॉर्गन म्हणजे उद्या. तो होकार होता की धमकी, ते कादंबरीलाही सांगता आलं नाही.

७

आणि उद्या आयीच आल्या नाहीत तर? हा प्रश्न सुलेखाबाईंनी स्वतःला रात्रभर विचारला. चारुदत्तने तो सकाळी चहाबरोबर मोठ्याने विचारला. कादंबरीने त्याला टोस्ट देऊन गप्प केलं.

तेवढ्यात जिन्यात खर्र खर्र आवाज सुरू झाला.

आयी झाडत होत्या. माळ्यावरच्या तनयच्या दारापासून सुरुवात करून एकेक पायरी, एकेक कोपरा. खाली तळमजल्यावर पोचेपर्यंत घरातली सगळी माणसं आपापल्या दारात उभी होती. केर भरून झाल्यावर आयी वर गेल्या, हात धुतले, चांगला कोट घातला, आणि युलानला हाताशी धरून परत खाली आल्या. काखेत लाल गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातात वाफाळत्या च्याओत्झची ताटली. युलानचा चेहरा रडवेला होता. तिला नुकतंच कळलं असावं.

हेबर्लेबाईंच्या दारात आयी कमरेत वाकल्या. त्यांनी बोलायला सुरुवात केली, युलान जर्मनमध्ये सांगू लागली, कादंबरी सुलेखाबाईंच्या कानात मराठीत. दार, अंधार, टेबल. शब्दाची भीती, नातवंडाची भीती. तनयवर आळ आल्याचं आयींना आज सकाळी युलानने सांगितलं तेव्हाच कळलं. आयी मग एकट्याच तनयकडे वळल्या आणि त्याच्यापुढेही वाकल्या. तनयने घाईघाईने त्यांना धरून सरळ केलं. "आयी, नका हो," तो मराठीत म्हणाला.

हेबर्लेबाईंनी गाठोडं टेबलावर ठेवून सोडलं. सगळे तुकडे होते, पुसून स्वच्छ केलेले, लहानात लहान कपचीसुद्धा. सुलेखाबाईंनी पुढे होऊन कनवटीची चीप काढली आणि त्यात ठेवली. हेबर्लेबाईंनी सोनेरी रेघेचा एक तुकडा उचलला आणि तो हातात फिरवत राहिल्या. सुलेखाबाईंना वाटलं, आता काय होईल ते होईल.

मग त्या जे बोलल्या ते युलानने ऐकलं आणि ती रडता रडता हसायला लागली. कादंबरी तर सांगायचंच विसरली.

"काय म्हणाल्या गं?"

"त्यांच्याकडेही आहे हो. शेर्बन ब्रिंगेन ग्ल्यूक. फुटक्या तुकड्यांनी भाग्य येतं. त्यांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी दारात मुद्दाम बशा फोडल्या होत्या, रिवाज आहे. त्यांची आई तेव्हा हेच म्हणाली. म्हणतायत की ती असती तर आजही हेच म्हणाली असती. आणि बाळाला सांगा, त्याच्या वाट्याचं भांडं आधीच फुटलंय, आता काळजी नाही."

युलानने ते चिनीत सांगितलं. आयींनी हेबर्लेबाईंचा हात धरला आणि सोडलाच नाही.

पण तनय अजून जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. हसत होता, तरी सगळ्यांत मिसळला नव्हता. चोर हा शब्द त्याने चार दिवस अंगावर वागवला होता. आणि हेबर्लेबाईंनी ते पाहिलं. त्या आयींचा हात सोडवून त्याच्यासमोर गेल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि परीक्षेला बसल्यासारख्या एकेक शब्द मोजून बोलल्या. कादंबरीने सासूचा दंड घट्ट धरला.

"माफी मागतायत. म्हणतायत, मी चुकले आणि मला लाज वाटते. आणि आता अहोजाहो नको, मला हिल्डे म्हण." कादंबरी कुजबुजली, "आई, इथे हे मोठ्या माणसाने आपणहून द्यायचं असतं, आयुष्यात फार थोड्यांना देतात. मला सहा वर्षांत दिलं नाही."

तनयचे कान लाल झाले. "हिल्डे," तो म्हणाला, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला नुसतं नावाने हाक मारणं नाशिकच्या पोराच्या जिभेला जमेना. त्याने पुढे जोडलं, "हिल्डेआजी."

"आजी?" हेबर्लेबाईंनी कादंबरीकडे पाहिलं.

"ओमा," कादंबरी म्हणाली.

हेबर्लेबाईंना मूलबाळ नव्हतं. त्या गाऊनच्या बाहीवरचा न दिसणारा केर झटकत राहिल्या. मग दम दिल्याच्या सुरात तनयला म्हणाल्या, "शनिवारी सूप प्यायला ये. भांडं नाही आता, पातेल्यातूनच वाढीन."